खुटाला फुटवा : राजुऱ्याच्या रानातील कापणी आणि वाढ

राजुरा तालुक्यात फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जंगलाच्या तळाशी जे काम चालते, त्याची दखल तालुक्याबाहेर क्वचितच घेतली जाते. साग पाने टाकून उभा असतो, पळस फुललेला असतो, मोहाचा हंगाम तोंडावर आलेला असतो, आणि त्याच दिवसांत हातात विळा किंवा हलकी कुऱ्हाड घेतलेली माणसे कमरेइतक्या वाढलेल्या तेंदूच्या झुडपांमधून वाकून चालत एकेक झुडूप जमिनीसरशी कापत पुढे सरकतात. या भागात या कामाला खुटकटाई म्हणतात. कापल्यानंतर मातीत उरलेल्या बुंध्यातून, म्हणजे खुटातून, साधारण दीड महिन्यात नवे कोंब येतात, आणि त्या कोंबांवर जी रुंद, लवचीक व निरोगी पाने धरतात तीच पुढे विडीचे वेष्टन म्हणून देशभर जातात. तेंदूला मराठीत टेंभुर्णी असेही नाव आहे, शेजारच्या तेलंगणात तो तुनिकी म्हणून ओळखला जातो, आणि वनस्पतिशास्त्रात त्याची गणना आबनूसाच्या कुळात होते.

राजुरा हे गाव वर्धा नदीच्या उजव्या तीरावर वसलेले असून नदीच्या पलीकडे बल्लारपूर आणि त्याचा कागद कारखाना आहे, तर दक्षिणेला लक्कडकोटच्या पुढे राज्याची हद्द संपते. हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, राज्यपुनर्रचनेत तो प्रथम नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चंद्रपूरला जोडला गेला. त्यामुळे मराठी, गोंडी, कोलामी आणि तेलुगू या चारही भाषा येथील बाजारात ऐकू येतात आणि तेंदूच्या व्यवहारातही त्या सगळ्यांचे शब्द मिसळलेले असतात. आता स्वतंत्र तालुका असलेला जिवतीचा डोंगराळ भागही पूर्वी राजुऱ्यातच होता. एका बाजूला सास्तीच्या कोळसाखाणी, दुसऱ्या बाजूला गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने आणि या दोहोंच्या मध्ये व दक्षिणेला विरूरपर्यंत पसरलेले सागाचे कोरडे पानगळी जंगल, अशी या प्रदेशाची रचना आहे. कापल्याने झाड दाट होते, ही गोष्ट येथे वसाहतीतला माळी जाणतो आणि जंगलातला मजूरही जाणतो. मात्र कोणत्या उंचीवर, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या हक्काखाली कापले, यावर त्या दाटपणाचा उपयोग कोणाला होतो हे ठरते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

शेंडा आणि बगलेतील कळ्या

कोणतेही झुडूप आपल्या आपण दाट का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शेंड्यात आहे. खोडाच्या टोकाशी वाढीची एक कळी असते आणि प्रत्येक पानाच्या बगलेत तशाच आणखी कळ्या दडलेल्या असतात. त्या जिवंत असूनही फुटत नाहीत, कारण घरातला कर्ता माणूस बोलत असताना बाकीच्यांनी गप्प बसावे तशी शेंड्याची सत्ता त्यांच्यावर चालते. या सत्तेला वनस्पतिशास्त्रात अग्रप्रभुत्व म्हणतात. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी कोंबाच्या टोकापासून खाली काहीतरी प्रभाव वाहतो हे दाखवणारे प्रयोग १८८० मध्ये प्रसिद्ध केले. तो प्रभाव ऑक्झिन नावाच्या संप्रेरकाचा आहे आणि शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावल्यास बगलेतील कळ्या तशाच निजून राहतात, हे थिमान आणि स्कूग या संशोधकांनी १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय रोपावर सिद्ध केले.

पुढच्या संशोधनाने हे चित्र गुंतागुंतीचे केले. मुळांकडून वर येणारी सायटोकायनिन नावाची संप्रेरके कळ्यांना फुटायला उद्युक्त करतात, तर स्ट्रायगोलॅक्टोन या गटातील द्रव्ये त्यांना रोखतात, असे आढळले. यांपैकी दुसऱ्या गटाचे हे काम २००८ मध्येच उलगडले. त्यानंतर काही वर्षांनी असेही दिसून आले की शेंडा छाटल्यावर कळी जागी होते ती ऑक्झिनची पातळी उतरण्याच्याही आधी, कारण शेंड्याकडे ओढली जाणारी साखर आता तिच्या वाट्याला येते. हा शेवटचा मुद्दा शेतकऱ्याला आणि माळ्याला विशेष पटण्याजोगा आहे. छाटणी म्हणजे झाडाला दिलेली शिक्षा नसून साठवलेल्या अन्नाच्या वाटपात केलेला बदल आहे, आणि ज्या झाडाकडे वाटण्यासारखा साठाच नाही त्याची छाटणी केल्यास ते दाट होण्याऐवजी खंगते.

येथे दोन प्रकारच्या कापण्यांत भेद करणे आवश्यक आहे. नुसता शेंडा खुडला की त्याच्या खालच्या दोन-तीन कळ्या फुटतात आणि फांद्या वाढतात, पण मूळ खोड तेच राहते. उलट संपूर्ण खोड जमिनीलगत तोडले की वरच्या सगळ्या कळ्या नाहीशा होतात, आणि खुटाच्या सालीखाली वर्षानुवर्षे निद्रिस्त असलेल्या किंवा मुळांवर नव्याने तयार होणाऱ्या कळ्यांना वाट मिळते. मोठ्या झाडासाठी वाढलेला मुळांचा पसारा मग थोड्याच कोंबांना पोसू लागतो आणि ते कोंब विलक्षण जोमाने वाढतात. वसाहतीतील कुंपणाची छाटणी बहुधा पहिल्या प्रकारची असते आणि तेंदूची खुटकटाई दुसऱ्या प्रकारची.

कुंपणाची पहिली दोन वर्षे

खाण आणि सिमेंटच्या वसाहतींत, शाळांच्या आवारांत आणि सरकारी विश्रामगृहांभोवती लावल्या जाणाऱ्या कुंपणाच्या झुडपांत मेंदी, कोयनेल आणि पिवळसर पानांचा ड्युरांटा ही नावे पुन्हा पुन्हा येतात. तिन्ही फांद्यांपासून सहज रुजतात, तिन्ही कात्री सोसतात, आणि कोयनेलची कडू पाने जनावरे फारशी खात नाहीत, हा या मुलखात मोठाच गुण मानावा लागतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन ओळींत, एकमेकांच्या फटीत बसतील अशी रोपे लावली जातात आणि मग बहुतेक ठिकाणी एकच चूक होते: कुंपण लवकर उंच व्हावे म्हणून पहिल्या वर्षी त्याला हात लावला जात नाही. परिणामी रोप छातीपर्यंत जाते, वर पाने धरतात, आणि खालचा हातभर भाग उघड्या काड्यांचा राहतो, ज्यातून कुत्री, कोंबड्या आणि शेळ्या निर्वेध ये-जा करतात. खाली एकदा उघडे पडलेले कुंपण नंतर वरून कितीही कातरले तरी खाली भरत नाही. त्याला पुन्हा जवळजवळ जमिनीपर्यंत कापण्यावाचून उपाय उरत नाही.

जाणता माळी उलट क्रम धरतो. रोप रुजून गुडघ्याएवढे झाले की तो ते निम्म्यावर आणतो. नवी वाढ वीतभर झाली की तिचीही निम्मी लांबी काढून टाकतो, आणि पावसाळाभर हे चालू ठेवून दुसऱ्या वर्षापर्यंत कुंपणाला उंचीपेक्षा पायाची जाडी मिळवून देतो. कातरताना तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवला जातो, कारण माथा रुंद झाला तर त्याच्या सावलीत खालची पाने पिवळी पडून गळतात. चंद्रपूरच्या हवामानात याला आणखी एक अट जोडावी लागते. येथे मे महिन्यात पारा ४६ अंशांपलीकडे जातो, आणि त्या उन्हात फुटलेला कोवळा कोंब पाण्याशिवाय करपतो. म्हणून जोरदार छाटणी पाऊस स्थिरावल्यावर करायची आणि मार्चनंतर कात्री ठेवून द्यायची, हा येथला शहाणपणा आहे.

शेताच्या धुऱ्यावर मात्र असे हिरवे कुंपण फारसे दिसत नाही. तेथे बोरी-बाभळीच्या वाळलेल्या काट्या रचलेल्या असतात किंवा अलीकडे तारा ओढलेल्या असतात, कारण रानडुकराला थोपवण्याइतके दाट जिवंत कुंपण तयार होईपर्यंत तीन-चार पिकांचे नुकसान होऊन गेलेले असते आणि तेवढा धीर कापूस किंवा सोयाबीन पेरणाऱ्याला परवडत नाही.

खुटकटाई

मेंदीला मेमध्ये कापू नये हे ज्या कारणाने खरे, त्याच कारणाने तेंदूला मार्चच्या मध्यापूर्वी कापावे हेही खरे ठरते, फक्त येथे मुळांची बाजू बळकट असते. तेंदूचे मूळ खोल जाते आणि त्याच्या आडव्या पसरलेल्या मुळांपासूनही जागोजाग फुटवे निघतात, ज्यांना मूळफुटवे म्हणता येईल. जंगलात सुट्या दिसणाऱ्या अनेक झुडपांचे मूळ जमिनीखाली एकच असण्याची शक्यता त्यामुळे नेहमी असते. बियांपासून उगवलेले रोप सुरुवातीची कित्येक वर्षे वरून वाळते आणि पावसात पुन्हा फुटते, पण मुळे वाढतच राहतात. आग, चराई, कुऱ्हाड आणि दुष्काळ या चौघांना तोंड देत जगण्याची ही पद्धत असल्यामुळेच तेंदू कापणीला एवढा अनुकूल प्रतिसाद देतो. शिशिरात वाढ थांबलेली असताना मुळांत पिष्टाचा साठा राखलेला असतो. तो नव्या पालवीवर खर्च होण्यापूर्वी खोड कापले तर सगळा साठा नव्या कोंबांच्या वाट्याला येतो, आणि पालवी फुटल्यानंतर कापले तर तो खर्च वाया जाऊन दुसरी फूट दुबळी येते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा महिना याच हिशेबाने पाळला जातो.

कापण्याची रीत वरकरणी साधी आहे, पण ती बिघडवणेही सोपे आहे. धार चांगली हवी, घाव एकच आणि किंचित तिरपा हवा, आणि तो जमिनीला जितका लगत असेल तितका चांगला. वीतभर किंवा हातभर खूट वर ठेवला तर त्याच्या टोकाशी पुष्कळ बारीक काड्या फुटतात आणि पाने लहान राहतात. बोथट हत्याराने साल चिरली तर खुटात पाणी व बुरशी शिरते आणि पुढच्या वर्षी तेथून फूट येत नाही. कापायची असतात ती झुडपे. ज्या तेंदूचे खोड झाडाच्या जाडीचे झाले आहे त्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे, आणि नियम मोडला जातो तो येथेच, कारण झाडावर चढून पाने तोडण्यापेक्षा फांद्या छाटून खाली आणणे किंवा झाडच आडवे करणे सोपे असते. त्यामुळे खुटकटाई चांगली झाली की नाही हे तपासायचे असेल तर कापलेल्या झुडपांइतकेच न कापलेल्या झाडांकडेही पाहावे लागते.

नवा कोंब प्रथम तांबूस, मऊ आणि लवदार पानांचा असतो. त्या अवस्थेतले पान वाळल्यावर चुरगळते, म्हणून ते सोडले जाते. पान हिरवे होऊन चामड्यासारखा किंचित चिवटपणा आला, पण शिरा अजून जाड झाल्या नाहीत, अशा थोड्याच दिवसांत तोडणी व्हावी लागते. न कापलेल्या झुडपावरचे पान या तुलनेत खरखरीत असते आणि रस शोषणाऱ्या एका बारीक किडीमुळे त्यावर पुळ्यांसारख्या गाठी येतात. अशा पानाची विडी वळली जात नाही आणि जळतही नाही नीट. नव्या फुटीवर हा उपद्रव कमी दिसतो, आणि व्यापाऱ्याला खुटकटाईत रस असतो तो मुख्यतः यासाठी.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कापणीची आणखी एक जुनी रीत चालते, तिचा उल्लेख येथे ओझरता का होईना करायला हवा. आरमोरी, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात ढिवर समाजातील कुटुंबे ऐनाच्या झाडांवर, ज्याला येथे येन म्हणतात, टसर रेशमाच्या अळ्या पाळतात आणि त्या रेशमाला कोसा म्हणतात. या झाडांना जमिनीलगत कापत नाहीत. माणसाच्या उंचीच्या आसपास छाटून ठेवतात, म्हणजे कोवळी पाने अळ्यांना मिळतात आणि राखण करणाऱ्याच्या हातालाही पोचतात. गुराच्या तोंडापासून फूट वाचावी म्हणून उंचावर कापणे आणि मुळांचा सगळा जोर मिळावा म्हणून तळाशी कापणे, या दोन रीतींमधील निवड पिकावरून ठरते.

फळीवरचा हिशेब

विडी आधी गुजरातेत आपट्यासारख्या पानांची वळली जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात मध्य प्रांताकडे सरकलेल्या गुजराती व्यापाऱ्यांनी तेंदूचे पान हेरले आणि जबलपूर-गोंदियाच्या बाजूने, रेल्वेच्या आधाराने, हा धंदा पसरला. तेंदूचे पान त्या मानाने रुंद, वळवायला सोपे आणि वाळल्यावरही न फाटणारे निघाले. तेव्हापासून मे महिना या जंगलातील कुटुंबांच्या वर्षात वेगळा काढून ठेवलेला असतो, कारण धान किंवा कापूस यांतले काहीही त्या काळात हाताला काम देत नाही.

तोडणी पहाटे सुरू होते आणि ऊन तापण्याआधी आटोपावी लागते. घरी आल्यावर पाने चवडीने लावून त्यांची पुडकी बांधण्याच्या कामाला म्हातारी माणसे आणि मुलेही बसतात; महाराष्ट्रात ७० पानांचे एक पुडके आणि १००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी धरली जाते, तर शेजारच्या मध्य प्रदेशात पुडके ५० पानांचे असते. दुपारनंतर ही पुडकी गावाबाहेरच्या मोकळ्या खरेदी-जागेवर, म्हणजे फळीवर, नेली जातात. तेथे मुन्शी पुडकी तपासतो, कोवळी, फाटकी किंवा मोजणीत कमी भरणारी बाजूला काढतो, आणि मजुरी शेकड्यावर, म्हणजे शंभर पुडक्यांमागे, लिहून ठेवतो. पुडकी ओळीने उन्हात पसरणे, काही दिवसांनी त्यांची पलटाई, वाळल्यावर हलके पाणी शिंपडून बोदभराई, म्हणजे मोठ्या पोत्यांत दाबून भरणे, हे सगळे होईपर्यंत एक वळवाचा पाऊस आला तर माल काळा पडतो. फळीवरचे वाद बहुधा मोजणीचे असतात. पण मुन्शी जे पान बाजूला फेकतो त्यातले बरेचसे मार्चमध्येच फेकले गेलेले असते, कारण ते न कापलेल्या किंवा वाईट कापलेल्या झुडपावरचे असते.

या श्रमाची आणखी एक किंमत आहे. तोडणारा माणूस वाकून, आवाज न करता, झुडपांच्या उंचीत हालचाल करतो, आणि त्या अवस्थेत तो वाघाला माणूस म्हणून ओळखू येत नाही असे मानले जाते. राजुरा-विरूर भागात अनेकांचे बळी घेतलेला आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जेरबंद करण्यात आला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी मारल्या गेल्या. दाट फूट जेथे सर्वांत चांगली असते तेथे दृष्टीही सर्वांत कमी पोचते; म्हणून गटाने जाणे आणि मोठ्याने बोलत राहणे या साध्या सूचना हंगामापूर्वी पुन्हा पुन्हा दिल्या जातात, आणि पुडकी वाढवण्याच्या घाईत त्याच प्रथम विसरल्या जातात.

विळा की आगपेटी

जमिनीवरचे सगळे खोड नाहीसे करून मुळांना फुटायला लावणे हे काम विळ्याने होते, तसेच आगीनेही होते. वाळलेल्या पाचोळ्याला काडी लावली की झुडूप करपते, खाली मुळे शाबूत राहतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत नवे कोंब निघतात. ज्या कामाला माणसांच्या टोळ्या आणि अनेक दिवसांची मजुरी लागते ते एका संध्याकाळी फुकट होते, हा आगीचा मोह आहे. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवय त्यात भर घालते. पण आग तेंदूपुरती थांबत नाही. सागाची व बिजाची रोपे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, पहिल्या पावसाचे पाणी धरून ठेवणारा पाचोळ्याचा थर, हे सगळे तीत जाते, आणि वारंवार जळणाऱ्या रानात शेवटी तेंदू-पळसासारखी आग सोसणारी मोजकी झाडेच उरतात. आग लावणे हा वनकायद्याने गुन्हा आहे हे सर्वांना माहीत आहे, आणि तरीही ती लागते.

ती का लागते याचे उत्तर स्वभावात न शोधता हक्कांच्या रचनेत शोधणे अधिक उपयुक्त ठरते. महाराष्ट्र वनोपज (व्यापार विनियमन) अधिनियम, १९६९ याखाली तेंदूपानांचा व्यापार सरकारच्या नियंत्रणात आला आणि जंगलाचे घटक पाडून त्यांचा लिलाव करण्याची पद्धत रूढ झाली. घटक घेणाऱ्या ठेकेदाराचा हक्क एका हंगामाचा असतो. खुटकटाईचा खर्च त्याने करायचा, पण चांगल्या कापणीचा जो फायदा खुटांच्या आरोग्यातून पुढच्या वर्षांना मिळतो तो बहुधा दुसऱ्याच ठेकेदाराच्या पदरात पडणार असतो. लिलाव लांबला, फेब्रुवारी-मार्च हातचा गेला, तर कापायला वेळच उरत नाही. तोडणाऱ्या मजुराला शेकड्याप्रमाणे पैसे मिळतात, म्हणजे त्याचाही संबंध फक्त आजच्या पानाशी राहतो. अशा व्यवस्थेत विळ्याऐवजी आगपेटी वापरली गेली तर तो अडाणीपणा म्हणता येणार नाही. त्या व्यवस्थेत तो सरळ हिशेब आहे, आणि येथील वणव्यांवरील बरीचशी प्रचारपत्रके हा हिशेब न मांडताच माणसांना उपदेश करतात.

हा हिशेब बदलू लागला तो दोन कायद्यांनंतर. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना गौण वनोपजावर अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी तेंदूपान हे स्पष्टपणे गावाच्या मालकीच्या वनोपजात आणले. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबू, मध, लाख, टसर यांच्या बरोबरीने तेंदूपानांचे नाव लिहिलेले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढच्या दशकात गडचिरोली, गोंदिया व चंद्रपुरातील अनेक ग्रामसभांनी पानांची विक्री स्वतः हाती घेतली. पाने वनखात्यामार्फत विकायची की स्वतः, हे पेसा क्षेत्रातील ग्रामसभा आता ठराव करून ठरवू शकतात. मजुरीखेरीज स्वामित्वशुल्कही गावाकडे येऊ लागले, आणि पुढच्या वर्षीचे खूट आपलेच आहेत हे एकदा पक्के झाले की जाळरेषा काढणे व वणव्याच्या दिवसांत जागता पहारा ठेवणे हा खर्च न राहता गुंतवणूक ठरते.

अर्थात ग्रामसभेच्या हाती व्यवहार आला म्हणजे सगळे सुरळीत झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. २०१७ च्या हंगामात गडचिरोलीत पानांना विक्रमी भाव मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो कोसळला. त्याच २०१७ मध्ये तेंदूपानांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, जो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आणण्यात आला. भाव पडलेल्या वर्षी खुटकटाईला पैसे कोण काढणार, या प्रश्नावर ग्रामसभाही ठेकेदाराइतक्याच अडखळतात. मात्र न कापलेले एक वर्ष गेले तरी मुळे मरत नाहीत, आणि ही सवलत तेंदू जितक्या उदारपणे देतो तितकी दुसरे कोणतेही पीक देत नाही.

पाचगावचा ठराव

वर्धेच्या पलीकडे, गोंडपिपरी तालुक्यात, पाचगाव नावाचे एक छोटे गाव आहे. २०१२ मध्ये त्याला सुमारे १००० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने बांबूच्या विक्रीतून आपली आर्थिक घडी बसवली. हक्क हाती आल्यावर तेंदूपानांतून अधिक मिळकत काढण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. ग्रामसभेने उलट निर्णय घेतला आणि आपल्या जंगलात तेंदूपानांची तोडणीच बंद केली. तोडणीसाठी होणारी झाडांची छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी जंगलाला सोसत नाहीत, आणि पानांच्या मागे लागल्याने फळे मिळेनाशी होतात, अशी त्यामागची कारणे होती. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी आपल्या लेखनातून या निर्णयाकडे वेळोवेळी लक्ष वेधले आहे.

या निर्णयाचा वनस्पतिशास्त्रीय अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. दरवर्षी जमिनीसरशी कापले जाणारे तेंदूचे झुडूप कितीही दाट झाले तरी ते नेहमी बालपणातच अडकलेले असते. फुलाफळाला येण्याइतके वय त्याच्या कोणत्याही कोंबाला लाभत नाही. टेंभरे, म्हणजे तेंदूची पिवळसर गोड फळे, उन्हाळ्यात माणसे, अस्वले, माकडे आणि पक्षी खातात, आणि ती फक्त मोठ्या झाडांवर येतात. पान आणि फळ ही दोन्ही पिके एकाच खुटाला देता येत नाहीत. खुटकटाईची भलामण करणारे हा भाग सहसा सांगत नाहीत, आणि तोडणीबंदीची भलामण करणारे हे सांगत नाहीत की ज्या गावात बांबू नाही आणि मे महिन्यात दुसरे काम नाही, तेथे पान सोडणे म्हणजे वर्षाच्या रोकडीवर पाणी सोडणे आहे. पाचगावला तो निर्णय परवडला यात बांबूचा वाटा मोठा आहे, आणि जिवतीच्या डोंगरातील एखाद्या कोलाम वस्तीला तोच निर्णय सुचवणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

एकाच जंगलाचे भाग पाडून काही पानासाठी आणि काही फळासाठी राखणे हा मधला मार्ग तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण कापणी थांबवली की झाड आपोआप उभे राहते, ही समजूत मात्र चुकीची ठरते. वर्षानुवर्षे कापलेल्या खुटातून एकाच वेळी पुष्कळ कोंब निघतात, ते एकमेकांशी उजेडासाठी झगडतात, आणि त्यांपैकी एकही लवकर खोड धरत नाही. शिवाय चरायला आलेली शेळी जो सर्वांत सरळ कोंब असतो त्याचाच शेंडा प्रथम खाते आणि झुडपाला पुन्हा झुडूपच ठेवते. म्हणून वनशास्त्रात अशा खुटांवर एकलीकरण करतात: पहिल्या-दुसऱ्या वर्षी सर्वांत सरळ, जमिनीच्या सर्वांत जवळून फुटलेला एक कोंब, फार तर दोन, निवडून बाकीचे सगळे काढून टाकायचे, नव्याने येणारे बगलेचे फुटवे पुढचे काही पावसाळे खुडत राहायचे, आणि तो भाग तेवढ्या काळापुरता चराईला बंद ठेवायचा. त्यासाठी लागणारे हत्यार खुटकटाईचेच असते. उरलेला कोंब पुरुषभर उंच झाला की त्याच्या शेंड्याला आता कोणी हात लावायचा नसतो.